जकातीची भिंत आणि तारापूरचा माल

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्याच्या २७ तारखेपासून अमेरिकेच्या बंदरांत उतरणाऱ्या बहुतेक भारतीय मालावर शेकडा ५० जकात बसू लागली. ही बातमी वृत्तपत्रांनी ठळक अक्षरांत छापली, तिच्यावर अग्रलेख झाले, आणि कोणत्या मुत्सद्द्याने कोणास काय सुनावले याची चर्चा घरोघर झाली. परंतु जकातीचा बोजा मुत्सद्द्यांवर पडत नाही. तो अखेर कोठल्या तरी कारखान्याच्या हिशेबवहीत येऊन पडतो. मुंबईहून पश्चिम रेल्वेने उत्तरेस निघावे, विरार मागे टाकावे, पालघर ओलांडावे आणि बोईसरास उतरावे, म्हणजे अशी हिशेबवही कोठे उघडी असते ते पाहावयास मिळते. स्थानकाच्या पश्चिमेस, समुद्राच्या बाजूला, तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. रंगांसाठी लागणारी मधल्या टप्प्यांची रसायने, औषधांची मूळ द्रव्ये, पोलादाच्या सळ्या व तारा, पडद्यांचे व गृहसजावटीचे कापड अशा नानाविध वस्तूंचे हजाराच्या घरात कारखाने येथे आहेत. त्यांतील कित्येकांचा माल थेट, आणि त्याहून अधिकांचा मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत परदेशी जातो. आज ज्या नव्या द्विपक्षीय व्यापारी करारांचा एवढा बोलबाला आहे, त्यांचा अर्थ या वसाहतीत उभे राहून पाहिले असता काय होतो, हा या भाषणाचा विषय होय.

प्रथम जकातीचेच पाहू गेल्यास, तिचा आकडा जितका जाचक होता त्याहून तिची चंचलता अधिक जाचक होती. एप्रिल २०२५ मध्ये भारतासाठी शेकडा २६ हा दर जाहीर झाला. आठवडाभरातच तो स्थगित होऊन सरसकट १० राहिला. ७ ऑगस्टपासून २५ झाला. आणि रशियाचे तेल विकत घेतल्याबद्दल त्याच महिन्याच्या अखेरीस आणखी २५ वर चढले. पुढे फेब्रुवारी २०२६ च्या आरंभी दोन्ही सरकारांत समझोता होऊन दर १८ वर आणण्याचे ठरले. इतक्यात त्या महिन्याच्या २० तारखेस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीच्या कायद्याच्या आधारे बसविलेल्या या जकातीच अवैध ठरविल्या, आणि तेथील अध्यक्षांनी लगोलग दुसऱ्या कायद्याचा आश्रय घेतला. आता बोईसरच्या कारखानदाराची स्थिती ध्यानात घ्यावी. मागणी येते, त्यानंतर माल तयार होतो, तो न्हावा-शेव्यास जातो, आणि तेथून अमेरिकेच्या किनाऱ्यास लागेपर्यंत महिना-दीड महिना उलटतो. मागणी घेताना जो दर होता तो माल उतरताना असेलच याची शाश्वती वर्षभर कोणीही देऊ शकला नाही. नफ्याचे प्रमाण जेथे शेकडा आठ-दहाच्या पलीकडे जात नाही तेथे असा व्यापार हा व्यापार न राहता पैज होऊन बसतो.

सर्वांसच हा फटका सारखा बसला असे मात्र नव्हे. औषधांस अमेरिकेने या जकातीतून वगळले होते; तेथील रुग्णांस लागणाऱ्या स्वस्त औषधांत भारताचा वाटा एवढा मोठा आहे की, त्यांवर कर बसविणे म्हणजे स्वतःच्याच नागरिकांवर तो बसविणे झाले असते. पोलादाचा प्रश्न निराळ्या कायद्याखाली येत होता. त्यावर जून २०२५ पासून सर्वच देशांच्या बाबतीत, थोडे अपवाद सोडता, ५० टक्के जकात होती. सर्वांत कठीण अवस्था झाली ती कापडाची. भारतीय कापडावर ५० असता बांगलादेश व व्हिएटनाम यांच्या मालावर २० आणि पाकिस्तानच्या मालावर १९ होते. पडद्याच्या कापडाचा गिऱ्हाईक असा तीस टक्क्यांचा फरक सोसून जुन्या ओळखीखातर थांबेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. सन २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे ४३७ अब्ज डॉलरांचा माल परदेशी पाठविला, त्यांपैकी सुमारे ८६ अब्जांचा एकट्या अमेरिकेस गेला. पाच रुपयांतील एक रुपया ज्या दारातून येतो ते दार अर्धे लोटले गेले, म्हणजे दुसऱ्या दारांची आठवण होणे साहजिकच होते.

या किनाऱ्याला करारमदार काही नवे नाहीत. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादुरशहाने पोर्तुगीजांशी तह करून वसई त्यांच्या हवाली केली, तेव्हा तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती गलबतांनी वसईस येऊन पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा, असे एक कलम त्यात होते. आजच्या व्यापारी निर्बंधांची ती जुनी आवृत्तीच म्हणावयाची. त्याच वसईत १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेल्या तहाची कथा मराठी माणसास सांगावयास नको. परंतु खुद्द तारापूरच्या पदरी जो अनुभव आहे तो याहून पुष्कळ अलीकडचा आहे, आणि प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध अधिक निकटचा आहे.

वसाहतीच्या पलीकडे समुद्रकाठी जे अणुवीज केंद्र उभे आहे, ते देशातील पहिले. १९६३ साली भारत व अमेरिका यांच्यात करार झाला. त्याअन्वये अमेरिकन कंपनीने केंद्र बांधावे आणि त्यास लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने तीस वर्षे पुरवावे असे ठरले. १९६९ मध्ये तेथील वीज वाहू लागली. १९७४ साली भारताने पोखरण येथे अणुस्फोट केला. १९७८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने अण्वस्त्रांच्या प्रसारास आळा घालणारा नवा कायदा केला. आणि जुना करार कागदावर जिवंत असतानाच त्याखालील पुरवठा अडखळत अडखळत थांबला. एका पक्षाने मागाहून केलेल्या अंतर्गत कायद्याने दुसऱ्या पक्षाशी केलेला करार मोडता येत नाही, असे भारताचे म्हणणे होते. कायद्यापुढे इलाज नाही, असे अमेरिकेचे म्हणणे होते. वाद पुष्कळ झाला, परंतु वादाने जनित्रे फिरत नाहीत. १९८२ साली फ्रान्सने इंधन पुरविण्याचे मान्य केले तेव्हा कोंडी फुटली. मूळ कराराची मुदत १९९३ मध्ये संपल्यावर चीन व रशिया यांच्याकडूनही इंधन आले. तीस वर्षांच्या हमीने जे साधले नाही ते दुसरा पुरवठादार मिळाल्याने साधले. व्यापारी करारांकडे पाहताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. बलाढ्य राष्ट्राची सही असलेला एक करार आणि मध्यम बळाच्या अनेक राष्ट्रांशी केलेले अनेक करार यांत निवड करावयाची झाल्यास तारापूरचा इतिहास दुसऱ्या बाजूस कौल देतो.

जकातीच्या दडपणातून करार जन्मास येतात, हेही पूर्वी घडलेले आहे. १९३० मध्ये अमेरिकेने आपल्या जकाती वाढविल्या, इतरांनी तिचा कित्ता गिरविला, आणि १९३२ साली ओटावा येथे ब्रिटिश साम्राज्यातील देशांनी आपापसांत सवलतीचे करार केले. हिंदुस्थानच्या वतीने सही झाली खरी. पण देशातील लोकमत त्याविरुद्ध गेले आणि १९३६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने तो करार संपविण्याचा ठराव केला. तेव्हा करार करणारे सरकार परके होते. आताचे करार आपल्याच सरकारने केले आहेत, आणि त्यांच्या वाटाघाटी कित्येक वर्षे रेंगाळल्या होत्या. युरोपीय संघाशी बोलणी २००७ साली सुरू झाली, २०१३ मध्ये थांबली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि २७ जानेवारी २०२६ रोजी ती पूर्ण झाल्याचे दिल्लीत जाहीर झाले. अखेरच्या वर्षी दोन्ही पक्षांनी जी घाई केली तिचे श्रेय वॉशिंग्टनला दिल्यावाचून गत्यंतर नाही.

त्याआधी संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी झालेला त्या वर्षीच्या डिसेंबरपासून अंमलात आला होता. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिक्टनस्टाईन या चौघांशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ रोजी अंमलात आला. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी आणि ओमानशी १८ डिसेंबर २०२५ रोजी सह्या झाल्या. न्यूझीलंडशी बोलणी पूर्ण झाल्याची घोषणा त्याच महिन्यात झाली. चिली, पेरू, इस्राएल यांच्याशीही बोलण्याचे दार उघडले आहे. याद्या वाचून दाखविण्यात हशील नाही. बोईसरच्या दृष्टीने यांत वजनदार नावे दोन, युरोपीय संघ आणि ब्रिटन. युरोपीय संघाकडे २०२४-२५ मध्ये भारताचा सुमारे ७६ अब्ज डॉलरांचा माल गेला. म्हणजे अमेरिकेच्या खालोखाल, आणि फारसा खालीही नव्हे.

आता मुख्य मुद्दा. या करारांमुळे जकात उतरेल, पण किती? रंग व सेंद्रिय रसायने यांवर युरोपात शेकडा साडेपाच ते साडेसहा जकात असते. ब्रिटनमध्येही ती याच्याच जवळपास आहे. लाखाच्या मालामागे सहा-साडेसहा हजार वाचतील. हे थोडे नव्हे. चिनी मालाशी झगडताना एवढ्या फरकावर सौदे होतात अथवा फिसकटतात. कापडास लाभ अधिक, कारण त्यावरची जकात दोन्हीकडे बारापर्यंत जाते आणि बांगलादेशासारख्या देशांस ती पूर्वीपासून माफ होती. परंतु औषधांच्या मूळ द्रव्यांस युरोपात व अमेरिकेत बहुधा जकात नव्हतीच. १९९४ पासून पुढारलेल्या देशांनी ती आपसूक काढून टाकली आहे. जेथे भिंतच नाही तेथे करार कोणती भिंत पाडणार? औषधांच्या कारखान्यांस उपयोग होतो तो करारातील दुसऱ्या तरतुदींचा. अमिरातीच्या करारात असे आहे की, अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ अशा ठिकाणी संमत झालेल्या भारतीय औषधास तेथे ९० दिवसांच्या आत विक्रीची परवानगी मिळावी. एका कलमाने वाचलेली वर्ष-दोन वर्षे ही अशा कारखान्यास पाच टक्के जकातीपेक्षा मोलाची वाटतात.

आणि जेथे जकात उतरते तेथेही ती आपोआप उतरत नाही. माल खरोखर भारतात झालेला आहे, हे सिद्ध करावे लागते. कित्येक करारांत, मालाच्या किमतीपैकी शेकडा ३५ ते ४० भर या देशात पडलेली असावी, अशी अट असते. रसायनांच्या बाबतीत काही ठिकाणी, या देशात रासायनिक क्रिया होऊन नवा पदार्थ बनलेला असावा, असा पर्याय असतो. ऐकावयास हे सोपे वाटते. एखादा कारखाना चीनहून सत्तर रुपयांचा पदार्थ आणून त्यावर शेवटची एक क्रिया करतो आणि शंभर रुपयांस विकतो, असे समजू. भर पडली तीस टक्क्यांची; किमतीच्या कसोटीवर तो नापास. क्रियेच्या कसोटीवर मात्र तो उत्तीर्ण होईल, कारण पदार्थ नवा झाला. शेजारच्या कारखान्यात तयार रंग बाहेरून येतो, त्यात मीठ मिसळून त्याची तीव्रता ठराविक प्रमाणावर आणतात, आणि पिंपांत भरून पाठवितात. श्रम होतात, नफाही होतो. पण नवा पदार्थ होत नाही, म्हणून हा माल कराराच्या नजरेत भारतीय नव्हे. एकाच गल्लीतल्या दोन फाटकांत एवढे अंतर पडते.

यात तारापूरच्या रचनेमुळे आणखी एक अडचण येते. येथील लहान कारखाने पुष्कळदा संपूर्ण माल तयार करीत नाहीत. मोठ्या कंपनीसाठी मजुरीवर एखादा टप्पा तेवढा पार पाडतात. एकाने नायट्रेशन करावे, दुसऱ्याने रिडक्शन, तिसऱ्याने वाळवून दळावे. अखेरीस निर्यातदार जेव्हा मूळ देशाची घोषणा करतो, तेव्हा या सर्व टप्प्यांचे हिशेब त्याच्या हाताशी असावे लागतात. ते बहुधा नसतात. कोठून घेतले, किती घेतले, किती वाया गेले, याची टिपणे लहान कारखान्यात जमाखर्चनिसाच्या डोक्यात असतात, आणि खर्चाचा तपशील मोठ्या कंपनीस कळला तर ती मजुरी कापील ही धास्ती त्यास असते. ही धास्ती अनाठायी आहे असे म्हणवत नाही. जपान व कोरिया यांच्याशी २०१०-११ च्या सुमारास झालेल्या करारांनंतर तेथून येणारा माल भराभर वाढला आणि येथून जाणारा त्या मानाने वाढला नाही, याची कारणे अनेक आहेत. परंतु सवलत घेण्याची खटपट लहान निर्यातदारास परवडली नाही, हे त्यांपैकी एक होय. नव्या करारांत निर्यातदाराने स्वतः घोषणा करावी अशी सोय ठेविली आहे, ती चांगली आहे. पण खोट्या घोषणेची जबाबदारीही मग त्याच्याच गळ्यात येते.

दुसरी भिंत जकातीची नाहीच. युरोपात वर्षाकाठी एक टनाहून अधिक रसायन पाठवावयाचे असल्यास त्याची ‘रीच’ या कायद्याखाली नोंदणी लागते. पदार्थ विषारी किती, पाण्यात विरतो की साचतो, माशांस अपाय करतो की काय, याची माहिती द्यावी लागते. तेथे प्रतिनिधी नेमावा लागतो. आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून २०२१ नंतर त्याच्यासाठी निराळी नोंदणी करावी लागते. करारामुळे लाखामागे साडेसहा हजार वाचतात, आणि लहान कारखान्यास एका पदार्थाच्या नोंदणीस कित्येक लाख लागतात. तेव्हा पाच-दहा टन पाठविणाऱ्यास हे दार उघडे असूनही बंदच. पोलादवाल्यांपुढे तर १ जानेवारी २०२६ पासून नवीनच गोष्ट उभी आहे. पोलाद करताना किती कोळशाचा धूर सोडला त्या प्रमाणात युरोपात आकार द्यावा लागणार आहे, आणि व्यापारी करार झाला म्हणून हा आकार माफ झालेला नाही.

माशांस अपाय होतो की काय, हा प्रश्न युरोपच्या अर्जात विचारला जातो; नवापूरच्या किनाऱ्यावर तो पूर्वीपासून विचारला जात आहे. वसाहतीचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नळाने नवापूरच्या समुद्राकडे नेतात. त्या केंद्राची शक्ती वर्षानुवर्षे अपुरी होती. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि लवादाने पुढे कारखान्यांवर व केंद्रावर नुकसानभरपाई बसविली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचा जो निर्देशांक काढला, त्यात तारापूरचा आकडा ९३.६९ आला; तो देशात सर्वांहून वरचा होता. तारापूरची रसायने परदेशात स्वस्त पडत होती, यामागे येथील रसायनज्ञांचे कौशल्य आहेच. पण त्या स्वस्ताईचा एक भाग खाडीतील मासळीने भरलेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्वित्झर्लंडादी चार देशांशी झालेल्या करारात पर्यावरण व कामगार यांविषयी बंधनकारक प्रकरण भारताने प्रथमच स्वीकारले. ब्रिटनच्या करारातही तशी प्रकरणे आहेत. सरकारे त्यावरून एकमेकांस कोर्टात खेचतील असे दिसत नाही. तो धाक गिऱ्हाईक घालील. युरोपातील मोठा खरेदीदार आता माल घेण्यापूर्वी सांडपाण्याचे अहवाल मागतो, आणि अहवाल मनास आला नाही तर वाद न घालता दुसरीकडे जातो.

मांगेला व कोळी समाजास या करारांतून स्वतःचा असा काही लाभ आहे काय? कागदावर आहे. ब्रिटनने व युरोपीय संघाने भारतीय मासळीवरील जकात काढून टाकण्याचे कबूल केले आहे, आणि युरोपात ती काही जातींवर २६ टक्क्यांपर्यंत होती. सातपाटीचे पापलेट तर महाराष्ट्राने २०२३ साली राज्यमासा म्हणून घोषित केलेले. पण पापलेट पूर्वीसारखे सापडत नाही, ही सातपाटीची तक्रार जकातीच्या कितीतरी आधीची आहे. आणि समुद्रातून पकडलेली कोळंबी अमेरिका २०१९ पासून घेतच नाही, कारण जाळ्यात कासवे अडकू नयेत अशी व्यवस्था आपल्या नौकांवर नाही. घोलवडच्या चिकूची गोष्ट थोडी आशादायक. त्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२१ मध्ये त्याची एक खेप ब्रिटनला रवाना झाली. मात्र चिकू हे चार दिवसांत मऊ पडणारे फळ. त्यास जकातीपेक्षा विमानाच्या भाड्याची आणि शीतगृहाची चिंता अधिक.

भारताने या बदल्यात काय दिले, याची चर्चा मद्य व मोटारी यांभोवतीच फिरली. ब्रिटिश व्हिस्कीवरील १५० टक्के जकात प्रथम निम्मी आणि दहा वर्षांत ४० वर येणार आहे. बोईसरला त्याचे सुखदुःख बेताचेच. तेथे महत्त्वाचे ते हे की, युरोपची रसायने, ज्यांवर भारत २२ टक्क्यांपर्यंत जकात घेत असे, ती बहुतांशी मोकळी होणार आहेत. जर्मनीचा कारखानदार उद्या भिवंडीच्या आणि सुरतेच्या बाजारात आपला माल घेऊन उभा राहील. त्याचबरोबर युरोपची यंत्रेही स्वस्त होतील, आणि सांडपाणी शुद्ध करण्याची, वाफ वाचविण्याची उत्तम यंत्रे तिकडचीच आहेत. जकात उतरल्याचा फायदा यंत्र घेणाऱ्यास आधी मिळतो आणि स्पर्धा सोसणाऱ्यास तोटा मागाहून कळतो, म्हणून या दोहोंचा मेळ कसा बसेल ते आज सांगणे कठीण आहे.

राहता राहिला वाहतुकीचा प्रश्न. डहाणूजवळ वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटी रुपये खर्चाचे बंदर उभारण्यास केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, आणि त्या वर्षी ३० ऑगस्ट रोजी पालघरात त्याची कोनशिला बसली. ज्या कोळ्यांची जाळी त्या पाण्यात पडतात त्यांचा विरोध आहे, आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरे कोनशिलेने दिलेली नाहीत. बंदर झाले तर तारापूरच्या मालास समुद्र हाकेच्या अंतरावर येईल. परंतु ते पुरे व्हावयास अजून काही वर्षे लागतील, आणि युरोपशी झालेल्या कराराची कलमे त्याआधीच लागू होण्याचा संभव आहे. तोवर बोईसरची पिंपे पूर्वीप्रमाणेच मुंबई-अहमदाबाद रस्त्याने, घोडबंदरच्या गर्दीतून वाट काढीत, न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर जातील.